टंचाईच्या तक्त्यात तीन बिझनेस स्कूल

समस्त जनतेस, त्यातही ज्यांच्या घरात पदवी हातात घेऊन बसलेली मुलगी अथवा मुलगा आहे अशा जनतेस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, फायनान्समध्ये नाव काढायचे असल्यास बिझनेस स्कूलची निवड ही आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची निवड होय. सबब ती करताना अध्यापकवर्ग, ग्रंथालय, नोकऱ्या, शुल्क आणि माजी विद्यार्थी या पाचही बाबींचा सखोल विचार करावा. घाईने, भावनेच्या भरात किंवा नातेवाइकांच्या हातून झालेल्या निवडीबद्दल कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

हे मी दरवर्षी सांगते. उन्हाळ्यात भाचे-पुतणे, त्यांचे मित्र, शेजारणीच्या मुली माहितीपुस्तकांचे गठ्ठे घेऊन माझ्यासमोर बसतात. मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढते, दोन क्षण गप्प राहते (या गप्प राहण्याचा फार परिणाम होतो) आणि मग वरच्या पाच बाबी बोटांवर मोजून दाखवते. पोरं लिहून घेतात. बिचारी. माझी स्वतःची निवड यांपैकी एकाही बाबीवर झाली नव्हती. ती जिल्हाधिकारी कार्यालयाच्या टंचाई शाखेनं केली होती. हे त्यांना सांगितलं, तर पुढच्या उन्हाळ्यात माझ्याकडे चिटपाखरू फिरकणार नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा होणं म्हणजे काय, ते आम्ही घरात बसून पाहिलं. आधी पाटी आली, मग शिक्का आला, मग साहेब आले, खुर्च्या सगळ्यांत शेवटी. माझे बाबा महसूल खात्यात अव्वल कारकून. उस्मानाबादहून त्यांना उचलून लातूरला आणलं, तेव्हा पहिले दोन महिने त्यांनी एका पत्र्याच्या पेटीवर बसून सरकार चालवलं. नव्या जिल्ह्याला सगळं मिळत गेलं. पाऊस तेवढा मंजूर झाला नाही. एका वर्षी आलाच नाही, दुसऱ्या वर्षी नुसता तोंड दाखवून गेला, आणि बाबांच्या पेटीवर टंचाई शाखा येऊन पडली.

टंचाई शाखेचं काम सांगायला सोपं होतं. टँकर थोडे, गावं फार. मग कुठल्या गावाला आधी टँकर द्यायचा? अहमदपूरकडून, देवणीकडून रोज अर्ज यायचे. बाबा त्या गावांना जायचे, विहिरीत वाकून बघायचे, बायकांना विचारायचे, हंडा कुठून आणता, किती चालता, आणि संध्याकाळी एका छापील तक्त्यात ते भरायचे. गावाचं नाव, पाण्याचा स्रोत, अंतर, लोकसंख्या, शेरा, आणि शेवटच्या रकान्यात प्राधान्यक्रम. हा तक्ता म्हणजे बाबांचा जीव. घरात साखर संपली तरी ते मनातल्या मनात त्याच तक्त्यात भरत असावेत, असा मला संशय होता.

मी त्या सुमाराला बी.कॉम. होऊन नांदेडहून परतले होते. शिकायला नांदेडला मामाकडे होते. मामा तिथं एका बँकेत कॅशियर. मी तिथं असताना एके दिवशी तो घरी आला तो चप्पल न काढताच बोलायला लागला. त्यांच्या शाखेत मुंबईहून एक बाई तपासणीला आली होती. ती मॅनेजरच्या खुर्चीत बसली, शहरातल्या एका बड्या असामीची कर्जाची फाइल मागवली, तीन पानं वाचली आणि म्हणाली, हे कर्ज देता येणार नाही. असामी समोरच बसली होती. मामा सांगत होता, "माय, त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. टोपी! अन् ती बाई पेन्सिलीला टोक करून राहिली."

त्या रात्री मी ठरवलं की मला तशी पेन्सिल पाहिजे.

चौकशी केली तेव्हा कळलं की त्या पेन्सिलीला फायनान्स म्हणतात आणि ती एम.बी.ए.च्या कॉलेजात मिळते. बिझनेस स्कूल हा शब्द तोवर आमच्याकडे पोचला नव्हता. मी परीक्षा दिल्या, मुलाखती दिल्या, आणि काय सांगू, एक नाही, तीन ठिकाणांहून पत्रं आली. एक पुण्याहून, एक हैदराबादहून आणि एक खुद्द नांदेडहून, जिथं त्याच वर्षी एक नवी संस्था उघडली होती. विहारात वंदना झाल्यावर बाबांनी उभं राहून ते सगळ्यांना सांगितलं. आमच्या वस्तीत एम.ए. झालेले होते, वकील होते, एक डॉक्टर होता. एम.बी.ए. कोणीच नव्हतं. एका आजीनं मला जवळ घेऊन विचारलं, "हे झाल्यावर सुई टोचता येती का?"

बाबांनी मला एकच वर्ष दिलं होतं. त्यात जमलं तर जमलं, नाहीतर पुढच्या वर्षी महसूल खात्याची कारकुनाची परीक्षा. त्यांच्या दृष्टीनं ही शिक्षा नव्हती, पोरीची सोय होती. माझ्या दृष्टीनं ती पत्र्याची पेटी होती. पुण्याच्या संस्थेत फायनान्सचा वेगळा विभाग होता, नाव होतं, माझा जीव तिथंच अडकला होता. पण मी कुठं जायचं हे ठरवणार बाबा होते, आणि बाबांनी काय केलं? तिन्ही संस्थांना पत्रं पाठवली. विषय : वसतिगृहातील पाणीपुरवठ्याबाबत.

"बाबा, मला तिथं पोहायला जायचं नाही," मी रडकुंडीला येऊन म्हणाले. "तिथं शिकवतात काय ते विचारा ना!"

बाबा पत्राला डिंक लावत होते. ते म्हणाले, "ज्या गावात पाणी न्हाई, त्या गावची पोरगी शाळेत जात न्हाई. हंडा उचलून राहिलेली असती. मी रोज बघतो. तू हिशेब शीक न्हाईतर आणखी काही शीक, आधी तुझ्या डोक्यावर हंडा नको."

मी पाकिटांवर तिकिटं चिकटवायला घेतली.

उत्तरं आली. पुण्याचं टाइप केलेलं होतं, पाणी दोन वेळा, मुलींचं वसतिगृह वेगळं. हैदराबादचं इंग्रजीत होतं आणि त्यात पाण्याबद्दल आजवर तक्रार नाही एवढंच होतं. नांदेडच्या संचालकांनी स्वतःच्या हातानं, झोकदार सहीसकट लिहिलं होतं, की पाण्याची व्यवस्था प्रगतिपथावर आहे. बाबांनी चष्मा काढून पुसला. "प्रगतिपथावर म्हणजे न्हाई," ते म्हणाले. तीस वर्षांची नोकरी बोलत होती. फायनान्सबद्दल मी चोरून एक ओळ त्या पत्रांत घातली होती. तिचं उत्तर पुण्याचं ‘आहे’, हैदराबादचं ‘आहे’, नांदेडचं ‘प्रस्तावित’.

मग बाबांनी कार्यालयातून एक कोरा छापील तक्ता आणला आणि तिन्ही संस्था त्यात भरायला घेतल्या. गावाचं नाव या रकान्यात संस्थेचं नाव. लोकसंख्येत विद्यार्थीसंख्या.

नेमकं त्याच आठवड्यात मला उस्मानाबादला जावं लागलं. पुण्याला अधिवासाचा दाखला हवा होता. लातूरच्या कचेरीत गेले तर बाबांच्याच शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, तुझा जन्म जुन्या जिल्ह्यातला, रेकॉर्ड अजून तिकडून आलेलं नाही, तिकडेच जा. उस्मानाबादला गेले तर तिथला कारकून म्हणाला, तू राहतेस नव्या जिल्ह्यात, इथं का आलीस? दोन दिवस मी दोन जिल्ह्यांच्या मधोमध लोंबकळत होते. इकडे बाबांना देवणीच्या बाजूला टँकरबरोबर जायचा हुकूम आला. जाताना त्यांनी भरलेला तक्ता गांधीटोपीच्या घडीसारखा नीट दुमडून आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "उशीर झालाच तर या क्रमानं बघा." तिन्ही संस्थांच्या संमतिपत्रांवर माझ्या सह्या आधीच होत्या. सगळ्या मूळ गुणपत्रिका आणि दाखले पेटीत होते.

मी दाखला घेऊन बुधवारी दुपारी घरी पोचले. दारात मामाची चप्पल. आईनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. खडा नव्हता, ढेपेचा तुकडा होता. आमच्याकडे तेव्हा तांब्याभर पाण्यासाठी दोनदा विचार व्हायचा, आणि आईनं मला पूर्ण तांब्या भरून दिला. काहीतरी मोठं घडलं होतं.

मामा पलंगावर राजासारखा बसला होता. "ये माय," तो म्हणाला. "झालं बघ तुझं काम. काही फिकर करू नको."

"काय झालं?"

"नांदेडवाल्यांची मुदत काल संपून राहिली होती. अक्कानं सांगावा धाडला. मी परवा आलो, तुझे सगळे कागद घेतले, काल सकाळी त्या संचालकाच्या हातात दिले. ओरिजनल! झेरॉक्स न्हाई. पावती आणली बराबर."

"नांदेड?" मी तांब्या खाली ठेवला. "मामा, नांदेड का?"

मामा दुखावला. त्यानं खिशातून तो तक्ता काढला, उलगडला आणि बोट ठेवलं. "हे बघ की. दाजींचं अक्षर हाय ना? प्राधान्यक्रम एक, नांदेड. दोन, हैदराबाद. तीन, पुणे. मला बी वाटलं होतं पुणं येईल. पण दाजी सरकारी माणूस. त्यांनी विचार केल्याबिगर लिहिलं नसंल."

आईनं समाधानानं मान हलवली. "तेवढीच जवळ ऱ्हाशील. मामाच्या घरी जेवशील."

मला ओरडायचं होतं, पण ओरडणार कुणावर? अक्षर बाबांचं होतं. पुण्याची मुदत शुक्रवारी दुपारी बारापर्यंत, मूळ कागदांसह, समक्ष. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि गुळाचा तो तुकडा हातातच वितळायला लागला. बाबांनी मला नांदेडला टाकलं, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. जिथं फायनान्स प्रस्तावित आहे आणि पाणी प्रगतिपथावर.

दिवे लागायच्या आधी बाबा आले. भुवयांवर धूळ, कॉलरवर धूळ. मामानं उठून पावती पुढे केली. बाबांनी पावती वाचली, मग आमच्या तोंडांकडे पाहिलं, मग पुन्हा पावती वाचली.

"नांदेडला कशापायी?" त्यांनी विचारलं.

"एक नंबरला तुम्हीच घातलंय ना, दाजी!"

"अरे, एक नंबर म्हणजे सगळ्यांत वाईट!" बाबांचा आवाज मी पहिल्यांदा एवढा वर गेलेला ऐकला. "टंचाईचा तक्ता हाय तो! ज्या गावाची सगळ्यांत दैना, त्याला एक नंबर. त्याला टँकर आधी. पुण्यात पाणी हाय, फायनान्स हाय, सगळं हाय, म्हणून ते शेवटी. ही साधी गोष्ट हाय!"

साधी गोष्ट होती खरी. आख्ख्या जिल्ह्यात ती समजणारी माणसं टंचाई शाखेच्या दोन टेबलांवर बसत होती, एवढंच. मला एकदम हसू फुटलं आणि त्याच झटक्यात रडू. बाबांनी मला पुण्यालाच पाठवलं होतं! सगळ्यांत खाली लिहून पाठवलं होतं! मामा पलंगाच्या कडेला मटकन बसला आणि म्हणाला, "मग शाळेत पहिला नंबर येतो तो काय दैना म्हणून येतो का, दाजी?"

बाबांनी पावती घडी करून खिशात घातली आणि नांदेडच्या पहिल्या गाडीची वेळ विचारली.

गुरुवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही नांदेडला निघालो. आम्ही म्हणजे चौघं. आईला थांब म्हटलं तर ती लुगड्याचा पदर खोचून म्हणाली, "तुम्ही तिघं बी शिकलेले. तुमच्या शिकण्यानंच हे झालं. आता मी येते." अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. कँटीनच्या खांबावर खडूनं लिहिलं होतं, चहा मिळेल, पाणी मागू नये. बाबांनी सवयीनं ते वाचलं आणि खिशातल्या डायरीत काहीतरी टिपून घेतलं. मी मनात तास मोजत होते. नांदेडहून पुण्याची गाडी संध्याकाळी साडेपाचला. ती रात्रभर धावणार आणि सकाळी पोचवणार. ती चुकली की शुक्रवार गेला, शुक्रवार गेला की पुणं गेलं.

संस्था गावाबाहेर माळावर, एका बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीत होती. भिंतींना ताजा चुना, आणि चुन्यातून शेंगदाण्याच्या तेलाचा वास. आवारात मोठी गडबड. कोणी कुंड्या मांडत होतं, कोणी खुर्च्या पुसत होतं. संचालक सफारीत होते आणि सफारी घामात होती. मामानं हात जोडून सगळं सांगितलं, चूक माझी, साहेब, पोरीचे कागद तेवढे परत द्या.

"ओरिजनल?" संचालक म्हणाले, जणू आम्ही त्यांची किडनी मागितली होती. "ओरिजनल दोन वर्षांनी मिळतात. कोर्स झाल्यावर."

बाबांनी नियमाप्रमाणे अर्ज लिहून दिला. संचालकांनी तो न वाचता टेबलावर ठेवला. "पंधरा दिवसांत विचार करू."

"साहेब, पुण्याची मुदत उद्या बाराला संपते," मी म्हणाले.

"मग आता इथंच शिका की, बाई. इथं काय कमी आहे?"

खिडकीबाहेर दोन माणसं रिकामी पिंपं एकावर एक रचून कापडानं झाकत होती. बाबा अर्जाकडे बघत उभे होते. त्यांचे हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते. लातूर जिल्ह्यातल्या पाटलांना त्यांच्या एका शेऱ्यासाठी ताटकळावं लागायचं, आणि इथं, जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर, त्यांच्याकडे काही म्हणजे काही उरलं नव्हतं. ते पाहिलं आणि माझ्यातलं रडू आटलं.

मी संचालकांना विचारलं, "आज कोण येणार आहे?"

विद्यापीठाची समिती. मान्यतेसाठी. विद्यार्थी दाखवायचे, फाइली दाखवायच्या. आता मला तिथल्या घामाचा अर्थ कळला. "मुली किती आहेत?" मी विचारलं. मुलगी एकच होती आणि ती त्यांच्यासमोर उभी होती, तिचे कागद परत मागत.

मंडळी, पुढं मी मोठमोठ्या कंपन्यांच्या टेबलांवर बसून पुष्कळ सौदे केले. पण माझा पहिला सौदा त्या तेलकट वासाच्या खोलीत झाला. मी म्हणाले, मी आज वर्गात बसते. समितीनं काय विचारायचं ते विचारू दे, चांगली उत्तरं देते. फाइल दाखवून झाली की कागद माझ्या हातात. संचालकांनी रुमालानं मान पुसली आणि हो म्हणाले.

बाबांनी मला बाजूला घेतलं. "हे खोटं हाय, बाई."

"खोटं कसं, बाबा? पावती आहे, प्रवेश आहे. कागदोपत्री मी आज इथलीच विद्यार्थिनी आहे."

कागदोपत्री या शब्दानं ते थोडे विरघळले. तरी म्हणाले, "मग कागदोपत्री जे हाय तेवढंच बोल. जास्तीचं न्हाई." मी शब्द दिला.

समिती अकराला येणार होती. अकरा वाजले, बारा वाजले. वर्गात आम्ही नऊजण. त्यातले दोघं, मिशा पिकायला लागलेले, मला वाटतं गिरणीचेच जुने कामगार असावेत, कारण ते बाकावर न बसता बाकाची मजबुती तपासत होते. मामा स्टँडवर जाऊन माझं तिकीट काढून आला आणि फाटकाशी एक ऑटो उभा करून त्यात स्वतः बसून राहिला, म्हणजे ऑटोवाला पळू नये. दोन वाजता समिती आली आणि थेट जेवायला गेली. मी खिडकीतून जिलेबीची ताटं जाताना पाहिली. तीन वाजले. एकेक ताट गेलं की माझं पुणं एक मैल लांब जायचं. चार वाजता सुपारी. मला तहान लागली होती. पाणी मागावं तर झाकलेल्या पिंपांची आठवण व्हायची.

साडेचारला तिघं जण वर्गात आले. अध्यक्ष उंच, पांढऱ्या केसांचे, प्रेमळ. तेच घातक ठरलं. ते एकेकाला नाव, गाव विचारत माझ्यापर्यंत आले आणि मुलगी पाहून खुलले.

"कोणता विषय घेणार?"

"फायनान्स."

"का बरं?"

इथं मी माझा घात करून घेतला. लहान उत्तर द्यायचं सोडून मी खरं उत्तर दिलं. म्हटलं, पैसा थोडा असतो आणि मागणारे फार असतात. तो आधी कुणाला द्यायचा, हे ज्याला नीट ठरवता येतं त्याच्या हाती गावाचं बरंवाईट असतं. ते मला शिकायचं आहे. हे बोलताना माझ्या डोळ्यांसमोर बाबांचा तक्ता होता, पण ते अध्यक्षांना कुठं माहीत? ते थबकले. सोबतच्यांकडे वळून म्हणाले, "ऐका, ऐका." आणि एक खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

बसले! चार वाजून पन्नास मिनिटं. त्यांनी मला खेळतं भांडवल विचारलं, मी सांगितलं. घसारा विचारला, मी सांगितला. जेवढं चांगलं सांगावं तेवढे ते आणखी विचारत. मधे मला वाटलं, एखादं उत्तर मुद्दाम चुकवावं. पण बाबा दाराशी उभे होते, आणि त्यांच्या तोंडावर असा काही अभिमान पसरला होता की गाडी, पुणं, शुक्रवार, सगळं ते विसरले होते. मला चुकता येईना. पाच वाजले. पाच वाजून पाच. संचालक अध्यक्षांच्या मागे माझी फाइल छातीशी धरून उभे होते. आनंदानं त्यांचे डोळे भरून आले होते. फाटकाबाहेर ऑटोचा भोंगा वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. अध्यक्ष म्हणाले, "वा! आता मला असं सांगा, की..."

आणि तेव्हा खिडकीतून ते वाक्य आलं.

त्या वाक्यानं काय काय केलं ते आधी सांगते. वर्ग असा शांत झाला की तेलाचा वासही थबकला असावा. बाबांनी कपाळावर हात मारला. संचालकांच्या हातून फाइल सुटली आणि माझ्या गुणपत्रिका फरशीवर पसरल्या. अध्यक्षांनी खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, त्या दोन पिकल्या मिशांकडे पाहिलं, सगळं त्यांच्या ध्यानात आलं असावं, आणि ते पोट धरून हसायला लागले. हसता हसताच वाकले, माझे कागद स्वतःच्या हातानं गोळा केले, नीट एकावर एक लावले आणि माझ्या ओंजळीत ठेवले. "पळ," ते म्हणाले. एवढंच. मी पळाले. मामानं ऑटोतून मला अक्षरशः एस.टी.त फेकलं. कंडक्टरनं घंटी मारली होती. शुक्रवारी सकाळी दहाला पुण्याच्या खिडकीवर कागद दिले, तेव्हा त्यांना शेंगदाण्याच्या तेलाचा वास येत होता आणि खिडकीतल्या कारकुनानं तो दोनदा हुंगला. त्या समितीनं नांदेडच्या संस्थेचं काय केलं, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठं होतं?

आणि ज्यामुळे मी फायनान्सवाली झाले ते वाक्य माझ्या आईचं. सकाळपासून ती व्हरांड्यात बसून होती. पाच वाजून दहा मिनिटांनी ती उठली, खिडकीच्या दोन गजांमध्ये तोंड घातलं आणि विद्यापीठाच्या समितीला उद्देशून ओरडली,

"सायेब, लई हुशार हाय ती, आमाला बी ठाव हाय! आता सोडा तिला, पोरीची पुण्याची गाडी सुटून राहिली!"